शेवटच्या ओळीतले वाव्हळ सर

वाव्हळ सर कुठलंही बटण दोनदा दाबायचे. कॉम्प्युटरचंच नाही, पंख्याचं, दिव्याचं, प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या घंटीचंसुद्धा. घंटी दोनदा वाजली की शिपाई न बघताच म्हणायचा, "आले वाव्हळ सर." त्यांचं म्हणणं असं, की पहिल्यांदा दाबल्यावर यंत्र आपल्याला हवं ते दाखवतं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर खरं काय ते दाखवतं. मुलं याला फार घाबरायची. मुलांचे प्रोजेक्ट पहिल्या दाबाला छान चालायचे आणि दुसऱ्या दाबाला मान टाकायचे.

आमचं कॉलेज कळंबजवळ, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. मी तिथं संख्याशास्त्र शिकवत होतो, कायम नोकरीत. वाव्हळ सर कॉम्प्युटर शिकवत होते, कायमचे तात्पुरते. त्यांचा विषय विनाअनुदानित. त्या विषयाचे शिक्षक दर एप्रिलला संपायचे आणि दर जूनला नव्यानं नेमले जायचे. म्हणजे दर जूनला त्याच माणसाची, त्याच जागेसाठी, त्याच टेबलासमोर मुलाखत. संस्थेच्या सचिवांच्या मुलीला सरांनी घरी जाऊन शिकवलेलं. तेच सचिव चष्म्यावरून बघत विचारायचे, "हं, नाव काय आपलं?" आणि सर दर वर्षी न चुकता सांगायचे, "दिनकर रामभाऊ वाव्हळ, राहणार पिंपरी पेंढार." मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, निदान हसत तरी जा." तर म्हणाले, "त्यांनी विचारलंय. विचारल्यावर सांगायचं."

बुटका, काटक माणूस. शर्टाच्या बाह्या भर एप्रिलातही मनगटापर्यंत, बटणं लावलेली. पिंपरी पेंढारहून आळेफाट्यापर्यंत मिळेल त्या वाहनानं, पुढं एसटीनं, तरी पहिल्या तासाला हजर. खिशात एक वेगळा पिवळा फडका. तो चष्म्यासाठी नव्हे, लॅबमधले माऊस पुसायला. मुलांच्या हाताला भेळ, वडापाव, काय काय लागलेलं असायचं. सर आल्या आल्या एकेक माऊस उलटा करून पुसत जायचे आणि मग शिकवायला लागायचे.

मुलांशी ते अहो-जाहो बोलायचे. पहिल्या वर्षाच्या, ओठावर लव फुटत असलेल्या पोरालाही, "बसा, गणेश. काय अडलंय तुमचं?" आमच्याकडच्या मुलांना ही सवय नाही. आमच्याकडे शिक्षकानं पाठीत धपाटा घातला, 'ए गाढवा' म्हटलं, की मुलांना तो आपला वाटतो. हांडे नावाचे एक तरुण सर होते, ते मुलांच्या खांद्यावर हात टाकून टपरीवर चहा प्यायचे, परीक्षेत काय येणार ते डोळा मारून सांगायचे. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. वाव्हळ सरांचं 'तुम्ही' ऐकलं की मुलं अवघडून बसायची. आपल्याला मान दिला जातोय हे त्यांना कळतच नव्हतं. त्यांना वाटायचं, सर लांब ठेवतात.

आणि ते एक वाक्य. मुलं प्रोजेक्ट दाखवताना म्हणायची, "चालतंय की सर." त्यावर यांचं ठरलेलं, "चालतंय हे मला दिसतंय. चालतंय हे उत्तर नाही. का चालतंय?"

त्या काळात पुण्यात तयार प्रोजेक्ट विकत मिळायचे. सीडी, छापलेला अहवाल, कव्हरवर सोनेरी अक्षरं, सगळं एकत्र. सचिवांचा भाचा विक्रांत असंच एक हॉटेलचं प्रोजेक्ट घेऊन आला. तपासणीला दोन परीक्षक लागायचे, म्हणून मी सरांच्या शेजारी बसलेला. ऑर्डर घेतली, बिल निघालं, सगळं गुळगुळीत. सरांनी 'बाहेर पडा' हे बटण दाबलं. खिडकी बंद झाली. त्यांनी पुन्हा उघडून लागोपाठ दोनदा दाबलं, आणि पडद्यावर भलंमोठं आभाराचं पान आलं. नागपूरच्या कुठल्या तरी दोन मुलींची नावं, त्यांच्या गुरुजनांचे आभार. लॅबमध्ये हशा पिकला.

सर हसले नाहीत. ते विक्रांतला म्हणाले, "या बटणाचा रंग हिरवा करून दाखवा. घाई नाही." विक्रांतला ते कुठं करायचं तेच माहीत नव्हतं. "ठीक आहे. तुम्ही स्वतःचं काहीतरी छोटं आणा. दोन पानांचं आणा, पण तुमचं आणा. मी थांबतो." दुसरा कुणी असता तर भाचा म्हणून सोडून दिलं असतं, नाहीतर चारचौघांत सोलून काढलं असतं. सरांनी दोन्ही केलं नाही. विक्रांतनं यातलं फक्त हसू लक्षात ठेवलं.

असंच वीज जाण्याचं. तेव्हा भारनियमन इतकं, की विजेचं येणं हीच बातमी. लॅबचे दिवे गेले की बाकीचे शिक्षक मुलांना सोडून द्यायचे. सर मुलांना पटांगणातल्या लिंबाखाली न्यायचे. "वीज गेली म्हणून काय अक्कल गेली का?" मग एकाला सर्व्हर करायचं, एकाला ब्राउझर, एकीला डेटाबेस. ब्राउझर झालेल्या मुलानं पळत जाऊन सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरनं डेटाबेसला, आणि उत्तर घेऊन परत. तोच गणेश, लठ्ठ पोरगा, कायम सर्व्हर असायचा. "सर, मला चार जनं येकदमच इचारत्यात, मी काय करू?" तो घामाघूम होऊन ओरडायचा. सर खूश व्हायचे. "बरोबर! हाच प्रश्न आहे. आता सांगा, तुम्ही काय कराल?" त्या लिंबाखाली शिकलेल्यांपैकी कितीतरी मुलं पुढं पुण्याला नोकरीला लागली. गणेशही लागला.

हे सगळं सांगायचं ते मनीषा केंगलेच्या प्रोजेक्टसाठी.

मनीषा डिंभ्याची, धरणाकाठची. तिकडची गाडी कधी यायची, कधी यायचीच नाही. तपासणीच्या दिवशी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती हजर नव्हती. मी म्हणालो, पुढचं घेऊ. सर म्हणाले, "डिंभ्याची गाडी आलेली नाही. मुलीचा दोष नाही." आम्ही थांबलो. ती धापा टाकत आली. "घोडेगावात पंक्चर काढत व्हते, सर."

तिनं मतदानाचा प्रोग्रॅम केला होता. कॉलेजातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून आपला क्रमांक टाकायचा, उमेदवार निवडायचा, बटण दाबायचं. सगळी मुलं लायब्ररी नाहीतर मेडिकलचं दुकान करत असताना हिला हे कुठून सुचलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं मतदान व्हतच न्हाई, सर. बसून ठरवत्यात, मग बिनविरोध. मला बघायचं व्हतं, झालं तर कसं व्हतंय."

चाचणीसाठी उमेदवार म्हणून तिनं धरणातले मासे उभे केले होते. रोहू, कटला, वाम, मरळ. वर्गातल्या मुलांकडून मतंही घेतलेली. सरांनी मताचं बटण दोनदा दाबलं. दुसऱ्यांदा पाटी आली, 'तुमचं मत नोंदवलं आहे.' सरांचा चेहरा उजळला. एवढं समाधान मी त्यांना जेवतानाही झालेलं पाहिलं नाही.

"कुणी कुणाला मत दिलं, ते तुम्हाला दिसतं?"

"हो सर! समदं दिसतंय मला," ती अभिमानानं म्हणाली.

"बंद करा. तुम्हालाही दिसता कामा नये. एकूण किती पडली, तेवढंच दिसू दे."

तिनं मान डोलावली.

"आणि तुम्ही स्वतः मत देता?"

"देते की. माझा नंबर हाये यादीत."

"चालू आकडे फक्त तुम्हाला दिसतात. ज्याला आकडे दिसतात त्यानं मत द्यायचं नाही. तुमचा नंबर काढा."

मग निकालाचं पान. रोहू पहिला, कटला दुसरा, वाम तिसरी. पान संपलं. सर पडद्याकडे वाकले.

"मरळ कुठं गेली?"

"तिला कुनीच मत दिलं न्हाई, सर."

"मत दिलं नाही, का ती उभीच नव्हती? मला बघणाऱ्याला कसं कळणार?"

मनीषा गोंधळली. तिचं निकालाचं पान पडलेली मतं मोजून बनत होतं. ज्याला मतच नाही त्याचं नाव मोजणीत येणार कुठून? चूक साधी होती, कुणीही केली असती. मी तर ती चूकच मानली नसती. शून्य मतं पडलेला दाखवायचा कशाला? मी तसं म्हणालोसुद्धा. "अहो, झाकली मूठ राहू द्या बिचारीची."

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला आजही आठवते. मग मनीषाला म्हणाले, "मरळ उभी होती ना? मग दिसली पाहिजे. शून्य लिहा, पण लिहा. शेवटच्या ओळीत लिहा, पण लिहा." आवाज वर गेला होता. ती जराशी घाबरली.

चार दिवसांनी तिनं तिन्ही दुरुस्त्या करून आणल्या. मरळ शेवटच्या ओळीत आली, शून्यासकट. सरांनी तिला त्या वर्षीचे सगळ्यात जास्त मार्क दिले.

संध्याकाळी स्टॉपवर एसटीची वाट बघत असताना मी विचारलं, की एका माशासाठी एवढं कशाला चिडलात? त्यांनी वडिलांचं सांगितलं.

रामभाऊ वाव्हळ पिंपरी पेंढारला ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. सर तेव्हा शाळेत. गावानं बैठक घेऊन बिनविरोध ठरवलेलं. रामभाऊंना निरोप आला, अर्ज मागं घे. गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना 'ए रामा' म्हणायची, त्यावरून तो निरोप कसा आला असेल ते कळेल. त्यांनी अर्ज मागं घेतला नाही. मतदान झालं. मोजणीनंतर साहेबानं विजयी माणसाचं नाव आणि आकडा वाचला आणि म्हणाला, "बाकीचे किरकोळ." लोक गुलाल उधळत निघून गेले. रामभाऊ मुलाला घेऊन तसेच उभे राहिले. साहेब जीपमध्ये बसताना त्यांनी हात जोडून विचारलं, "साहेब, माझी किती?" साहेब म्हणाला, "किरकोळ म्हटलं ना."

"मरेपर्यंत कळलं नाही त्यांना," सर म्हणाले. "आमच्या वस्तीत कुणी कुणी मत दिलं, तेबी नाही कळलं. एक जरी आकडा सांगितला असता, तरी बाप घरी गेला असता. ते लई दिवस मनानं तिथंच उभे व्हते." बोलता बोलता त्यांची भाषा गावाकडची झाली होती. मुलांना ते अहो-जाहो का करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मनीषाच्या प्रोजेक्टची बातमी सचिवांच्या कानावर गेली. असल्या गोष्टी त्यांना आवडायच्या. त्यांनी स्टाफची बैठक घेतली. यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलं कॉम्प्युटरवर मतदान करून आवडता शिक्षक निवडतील, निकाल मोठ्या पडद्यावर दाखवायचा, पाहुणे येणार आहेत. आणि जाता जाता म्हणाले, "विनाअनुदानितवाल्यांचं पुढच्या वर्षीचं आपण मुलांचा कौल बघूनच ठरवू. लोकशाही आहे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वाव्हळ सर तेवढे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, नोकरी अशी ठरवतात का म्हणून विचारेल. ते म्हणाले, "यादी पूर्ण दाखवावी साहेब. वरचे तीनच नकोत. जे जे उभे आहेत ते सगळे."

"तुमचीच इच्छा असेल तर तसं," सचिव म्हणाले, आणि हसले.

त्यानंतर काय झालं ते मला कितीतरी वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत कळलं. गणेशनं सांगितलं, तोच लिंबाखालचा सर्व्हर. मजेत सांगत होता, जुनी गंमत सांगावी तसं.

"विक्रांतनं ग्राउंडवर मीटिंग घेतली व्हती, सर. ठरलं, की कुनालाबी द्या, पन वाव्हळ सरांना येक मत जाता कामा नये. त्याच्या मामांचीबी तीच इच्छा हाये म्हनला. समद्यांनी नारळावर हात ठेवला."

"आणि सगळ्यांनी पाळलं?"

"पाळलं म्हंजे! शब्द दिल्यावर?"

"पण गणेश, मतदान गुप्त होतं. तू त्यांना मत दिलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

जिलबी हातात धरून तो थांबला. खरोखर विचार करत होता. "आयला, खरंच की राव," तो म्हणाला. "हे ध्यानातच न्हाई आलं."

मला वाईट मुलांचा एवढा राग येत नाही. विक्रांत होता तसा होता. मला राग येतो तो या गणेशचा, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांचा. एका माणसानं यांच्यासाठी एक अशी जागा बनवून घेतली होती, जिथं यांना बघणारं कुणी नव्हतं, ना मामा, ना गाव, ना प्रोग्रॅम चालवणारी मनीषा. तिथं बसूनही यांनी बैठकीत ठरलेलंच बटण दाबलं. बरं, दुष्टाव्यानं नाही. ध्यानात आलं नाही म्हणून.

मतदान दोन दिवस चाललं. निकालाच्या सकाळी मी आणि वाव्हळ सर लॅबमध्ये होतो. ते फडक्यानं माऊस पुसत होते. मनीषा दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"सर, निकालाचं पान... जुनं लावू का?"

सरांचा हात थांबला. "जुनं म्हणजे?"

"पहिलं व्हतं ते. माझ्याकडं हाये अजून." तिनं खाली बघितलं. "ते बी चालतंय, सर."

जुन्या आणि नव्या पानात फरक एकाच गोष्टीचा होता. ती यापेक्षा जास्त काही सांगू शकत नव्हती, आणि यापेक्षा जास्त सांगायची गरजही नव्हती. मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना कळलं. एका क्षणात कळलं. त्यांनी तो माऊस पुसून पुरा केला, सरळ ठेवला आणि म्हणाले, "चालतंय हे उत्तर नाही, केंगले."

"सर, पन..."

"जे तपासलंय तेच लावा."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "अहो, पोर सांगतेय काहीतरी, ऐका जरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मनीषा ओढणी तोंडाला लावून निघून गेली.

दुपारी हॉल गच्च भरला. खिडक्यांना तरटं लावून अंधार केला होता. स्टेजवर सचिव, पाहुणे, हारतुरे. मनीषा कोपऱ्यात कॉम्प्युटरशी. तिनं बटण दाबलं आणि पांढऱ्या पडद्यावर यादी आली. पहिले हांडे सर. टाळ्या, शिट्ट्या, पोरांनी त्यांना उचललंच. मग दुसरं नाव, तिसरं, मीही कुठंतरी मध्ये होतो. यादी सरकत सरकत खाली गेली, आणि शेवटच्या ओळीत आलं, प्रा. दिनकर रामभाऊ वाव्हळ, आणि त्यापुढं शून्य.

मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. स्टेजवर सचिव पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगत होते.

वाव्हळ सर माझ्या शेजारी बसले होते. ते उठून जातील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि यादी वरपासून वाचायला लागले. ओठ हलत होते. मला आधी वाटलं, काही पुटपुटतायत. नाही. ते बेरीज करत होते. एकेक नावापुढचा आकडा मिळवत शेवटच्या ओळीपर्यंत आले, तिथंही थांबले, ते शून्यसुद्धा मिळवलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एकूण मतांच्या आकड्याशी ताडून बघितलं.

"बेरीज बरोबर आहे," ते मला म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर मनीषा आमच्याकडे आली. रडत होती. "सर, माझा नंबर यादीत असता तर येक तरी पडलं असतं."

"एक पडलं असतं, तर ते तुमचं आहे हे सगळ्यांना कळलं असतं," सर म्हणाले. "मग गुप्त कुठं राहिलं? चांगलं झालंय काम तुमचं. जा, गाडी चुकेल." ती खाली वाकून पाया पडायला लागली, तर ते मागं सरकले. पाया पडून घेणं त्यांना आवडायचं नाही.

जूनमध्ये त्यांना मुलाखतीला बोलावणंच आलं नाही. कुणी काढून टाकलं असं नाही, कुणी काही बोललंही नाही. नवं वेळापत्रक लागलं, त्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या तासांपुढं हांडे सरांचं नाव होतं. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात पुन्हा मतदान झालं. मनीषा तोवर पुण्याला नोकरीला लागली होती, तिचा प्रोग्रॅम आता हांडे सर चालवत होते. मी मुद्दाम यादीचा शेवट बघितला. शेवटच्या माणसालाही बरी मतं होती. आमच्यातली दोन नावं मात्र पडद्यावर कुठंच नव्हती. ते दोघं माझ्या पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. 'किरकोळ' कुणीच झालं नाही. सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतर वाव्हळ सर मला एकदाच दिसले. ओतूरला एका नातेवाइकाकडे चाललो होतो. पिंपरी पेंढारच्या स्टॉपवर एसटी पंक्चर झाली आणि कंडक्टर म्हणाला, अर्धा तास. गावात ग्रामपंचायतीचं मतदान चालू होतं. शाळेपासून लांब, रस्त्याच्या एका बाजूला पॅनेलवाल्यांचा मांडव, त्यात गर्दी, चहा, पोहे. दुसऱ्या बाजूला बाभळीखाली एक टेबल, दोन खुर्च्या, आणि एका खुर्चीत, मनगटापर्यंत बटणं लावून, वाव्हळ सर. समोर मतदारांच्या चिठ्ठ्या नीट लावून ठेवलेल्या, वर दगड.

मला बघून ते उठले. "या, या. बसा."

मी बसलो. विचारलं, तुम्ही उभे आहात?

"हो. बिनविरोध ठरलं होतं गावाचं. मी अर्ज मागं घेतला नाही."

समोरच्या मांडवातून दोन-तीन माणसं आमच्याकडे बघत होती. त्यांतला एक मोठ्यानं म्हणाला, "याच्या एकट्यापायी समद्या गावाला रांगेत उभं ऱ्हावं लागलं." सरांनी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी मला तांब्यातलं पाणी दिलं. मनीषाची चौकशी केली. कॉलेजची केली नाही.

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "काय वाटतं? किती पडतील?"

"ते मी कसं सांगणार? गुप्त असतं." मग डाव्या हाताचं बोट वर करून त्यांनी नखावरची शाई दाखवली. सकाळीच रांगेत पहिले उभे राहून मत देऊन आले होते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं. "पण या खेपेला शून्य येणार नाही. इथं मला मत आहे."

एसटीनं हॉर्न दिला. मी उठलो. खिडकीतून पाहिलं तर ते पुन्हा ताठ बसले होते आणि मी बसलो होतो ती रिकामी खुर्ची सरळ करत होते.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी पेपर घेतला. पिंपरी पेंढारचा निकाल आतल्या पानावर आला होता. फक्त विजयी उमेदवारांची नावं होती.